हवालदार, सबनीस आणि कारखानीस

कोणत्याही मराठी शाळेच्या हजेरीपटावरून नजर फिरवली, तर सबनीस, कारखानीस, फडणीस, चिटणीस, पोतनीस, जमेनीस अशी आडनावे भेटतातच, आणि ती धारण करणाऱ्या मुलांना किंवा त्यांच्या वडिलांनाही त्या शब्दांचा अर्थ बहुधा सांगता येत नाही. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. हा फारसी शब्द मराठी जिभेवर घासून 'नीस' झाला, आणि ज्या हुद्द्याला तो चिकटला तो हुद्दा नाहीसा झाल्यावर मागे केवळ घराण्याची खूण म्हणून उरला. परंतु हे हुद्दे जिवंत होते, त्या सतराव्या शतकात त्यांचे एक वैशिष्ट्य असे होते की, त्यांपैकी कोणीही एकटा पुरा पडत नसे, आणि तो एकटा पुरा पडू नये अशीच योजना त्याला नेमणाऱ्याने केलेली असे. माणसे पारखून नेमावीत, हे सर्वच राजनीतिज्ञ सांगत आले आहेत; पण एकाच्या अंगी जे नाही ते दुसऱ्याच्या अंगी असावे, आणि दोघांचे मिळून जे होईल ते तिसऱ्याच्या दृष्टीखाली घडावे, असा हिशेब ठेवून माणसांची जुळणी करणे ही निराळी विद्या आहे, आणि शिवकालीन गडांच्या कारभारात ती विद्या जितकी स्पष्ट दिसते तितकी आपल्या इतिहासात क्वचितच अन्यत्र दिसेल.

या कारभाराची माहिती देणारा आपला पहिला साक्षीदार कृष्णाजी अनंत सभासद हा होय. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, स्वराज्याची राजधानी दूर दक्षिणेत जिंजीस गेलेली असताना, १६९७च्या सुमारास त्याने थोरल्या महाराजांची बखर लिहिली. सह्याद्रीतले गड एकामागून एक संकटात सापडत असता तिकडे बसून तो ते गड कसे राखले जात, याचे वर्णन करीत होता, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे त्याच्या कोरड्या वाटणाऱ्या याद्यांना एक वेगळीच धार येते. त्याच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक गडावर एक हवालदार, एक सरनोबत आणि एक सबनीस असे तिघे जण एकाच तोलाचे नेमलेले असत, आणि तिघांनी मिळून कारभार करावा असा शिरस्ता होता. याशिवाय धान्याचा साठा व लढाईचे सामान यांसाठी कारखानीस हा चौथा अधिकारी असे, आणि जमाखर्च त्याच्या विद्यमाने लिहिला जाई. ज्या गडाचा घेरा मोठा, तेथे तटाचे भाग पाडून त्यांवर निरनिराळे तटसरनोबत ठेवीत.

या प्रत्येकाचे काम काय होते ते क्षणभर जवळून पाहू. सूर्यास्त झाला की गडाचा दरवाजा लागे, आणि तो लागला किंवा नाही हे पाहण्याची व किल्ल्या जवळ बाळगण्याची जबाबदारी हवालदाराची. हिरकणीची कथा इतिहास म्हणून कोणी मानो वा न मानो, मावळतीनंतर दरवाजा उघडत नसे या नियमाचा धाक लोकांच्या मनात किती खोल रुजला होता, याची ती उत्तम साक्ष आहे. परंतु आत कोंडलेली माणसे किती, त्यांपैकी पहाऱ्यावर कोण, रजेवर कोण, आजारी कोण, कोणाचा मुशाहरा कुठवर पावला, हे हवालदाराला ठाऊक असेलच असे नाही. ते सबनिसाच्या हजिरीत. आणि त्या माणसांना उद्या खायला काय घालावयाचे, अंबारखान्यात भात किती, नाचणी किती, दारूखान्यातली दारू कोरडी आहे की पावसाने सर्दावली, गोळे कोणत्या तोफेच्या मापाचे शिल्लक आहेत, याचा जाब कारखानिसाने द्यावयाचा. गडावरची शिबंदी प्रत्यक्ष झुंजवण्याचे काम सरनोबताचे. म्हणजे तोफेचा एक बार उडवायचा, तर हुकूम एकाचा, माणूस दुसऱ्याच्या हाताखालचा, त्या माणसाची नोंद तिसऱ्याच्या कागदावर, आणि दारू चौथ्याच्या कोठीतली. चौघे एकमताने वागले तर गड लढतो, आणि चौघांपैकी एकाची नियत फिरली तर उरलेल्या तिघांना ते कळल्यावाचून राहत नाही.

ही व्यवस्था फितुरीच्या भयातून निघाली, असे सामान्यतः सांगण्यात येते, आणि त्यात तथ्य आहेच. गड एका माणसाच्या स्वाधीन असला म्हणजे त्या माणसाचे दैन्य, लोभ, घरातील भाऊबंदकी हीच तटाची सर्वांत कच्ची बाजू होते, हे शिवाजी महाराजांना परक्याने सांगावे लागले नाही. पुरंदरसारखा बळकट किल्ला त्यांच्या हाती आला तो तेथील किल्लेदार घराण्यातल्या भावाभावांच्या कलहामुळे. तट फोडावा लागला नाही, घरच फुटलेले होते. एका माणसाची नड ओळखून ज्याने दुसऱ्याचे किल्ले घेतले, त्याने आपले किल्ले एकाच माणसाच्या भरवशावर टाकले नाहीत, यात नवल नाही.

परंतु केवळ पहाऱ्यावर पहारा एवढाच अर्थ या योजनेचा घेतला, तर तिचे अर्धे मर्म हातचे जाईल. एकमेकांवर नजर ठेवण्यासाठी एकाच गुणाची तीन माणसे नेमली असती तरी चालले असते. पण येथे तीन निराळ्या गुणांची माणसे नेमलेली आहेत. ज्याच्या अंगी दरवाजा राखण्याचा करारीपणा आहे त्याला हिशेब चोख ठेवता येईल अशी अपेक्षा नाही, आणि ज्याला कोठीतला दाणा नि दाणा मोजण्याची सवय आहे त्याने रात्री बुरुजावर तलवार घेऊन उभे राहावे असा आग्रह नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात नमूद केले आहे की, हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण आणि कारखानीस प्रभू अशी वाटणी असे. जात हीच त्या काळी विद्येची आणि धंद्याची शाळा होती. तलवार एका घरात, दप्तर दुसऱ्या घरात आणि कोठीचा हिशेब तिसऱ्या घरात लहानपणापासून शिकवला जाई. तेव्हा गुणांची निवड करावयास गेले की ती जातींच्या वाटांनीच होणार, आणि तिघांचे सोयरसंबंध वेगळे असल्याने त्यांचे संगनमतही अवघड होणार, असा दुहेरी लाभ त्यात होता. मात्र या जुळणीचे गुणगान करताना आणखी एक गोष्ट विसरणे अन्यायाचे होईल. गडाच्या पायथ्याशी, रानाच्या तोंडाशी, मेटांवर जी माणसे रात्रंदिवस बसत, ती रामोशी, महार, मांग, कोळी, बेरड अशा समाजांतली होती. कोणती पाऊलवाट कोठे निघते, पाखरे अवेळी का उठली, हे ज्ञान ना हवालदाराला होते ना सबनिसाला. गडाचे खरे कान खाली होते, आणि वरच्या दप्तरात त्या कानांची नावे फारशी आढळत नाहीत.

गडाच्या चार भिंतींत जी रीत, तीच मोकळ्या मैदानात फिरणाऱ्या लष्करातही दिसते. पायदळात नऊ पाइकांवर दहावा नाईक. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि येथे सभासदाने एक बारकावा टिपला आहे, ज्याकडे लढायांच्या वर्णनात रमणाऱ्या वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. पखालजी म्हणजे कातडी पखालीतून पाणी वाहणारा, आणि नालबंद म्हणजे घोड्याच्या टापेला नाल ठोकणारा. या दोघांनी शत्रूचे मुंडके उडवल्याची कथा कोठे नाही, पोवाड्यात त्यांना कडवे नाही. पण सह्याद्रीच्या खडकाळ घाटातून दोन मजला मारल्यावर ज्या घोड्याचा नाल निखळला तो घोडा तिसऱ्या दिवशी लंगडणार, आणि लंगडा घोडा म्हणजे पायउतार झालेला बारगीर, हे ज्याने जाणले त्याने पंचवीस तलवारींत एक हातोडा आणि एक पखाल मोजून घातली. सव्विसावा आणि सत्ताविसावाही तलवारबहाद्दरच नेमला असता, तर पथक गणतीला तेवढेच भरले असते, पण लांबच्या पल्ल्याला दुबळे ठरले असते.

नवा माणूस चाकरीस घ्यावयाचा तर त्याला आधीच्या चाकरांपैकी कोणाचा तरी जामीन लागे. ही जामिनकी म्हणजे निव्वळ कागदी सोपस्कार नव्हता. जामीन राहणारा त्या माणसाला गावापासून ओळखणारा असे, आणि नव्याची कसूर ही जुन्याची नामुष्की होई. अशा रीतीने पथकात येणारा प्रत्येक जण दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दाला बांधलेला असे. मोहिमेवर निघताना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची याद होई, आणि परत आल्यावर त्या यादीवरून झाडा घेतला जाई. लुटीत हाती आलेले सरकारात जमा झाले पाहिजे, हा नियम कारकुनाच्या लेखणीवाचून एक दिवसही टिकला नसता. तलवारीला लेखणीची अडचण वाटावी, आणि लेखणीला तलवारीची धास्ती वाटावी, हे स्वाभाविक आहे. पण दोघींना एकाच छावणीत नांदवणे हेच धन्याचे काम.

ते काम महाराज किती बारकाईने करीत, याचा एक कागद सुदैवाने उपलब्ध आहे. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळ हलवर्ण येथे पडलेल्या लष्कराच्या छावणीला उद्देशून लिहिलेले त्यांचे पत्र महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांच्या परिचयाचे आहे. पावसाळ्यापुरती बेगमी केलेला दाणा व वैरण आताच उधळलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरातले दाणे, भाकरी, गवत, भाजी उचलू लागाल, आणि रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे, असा त्या पत्राचा आशय आहे. रात्री दिवा तसाच ठेवून झोपलात तर उंदीर जळती वात पळवील आणि गवताच्या गंज्यांना आग लागेल, इथपर्यंत त्यातला इशारा पोचतो. पत्रातील उंदराची पुष्कळ वाखाणणी झाली आहे. मला त्यातला मायना अधिक बोलका वाटतो. ते पत्र केवळ सेनानायकाला लिहिलेले नाही. जुमलेदार, हवालदार आणि कारकून या सर्वांना मिळून लिहिलेले आहे. गंजी जळाली तर दोष झोपलेल्या राउताचा की हिशेब न पाहणाऱ्या कारकुनाचा, असा वाद पुढे उपस्थित होऊ नये, म्हणून ताकीदच सर्वांच्या माथी एकत्र ठेवलेली आहे. कामे वाटून दिली तरी जबाबदारी वाटली जात नाही, हे या मायन्याचे तात्पर्य.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा हीच रीत अष्टप्रधानांच्या रूपाने सिंहासनाभोवती उभी राहिली. पेशव्याला मुख्य प्रधान, मजमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, वाकनिसाला मंत्री अशी संस्कृत नावे मिळाली, पण नावांखालची कामे जुनीच होती आणि ती एकमेकांत अडकवलेली होती. पंडितराव व न्यायाधीश हे दोघे वगळता बाकीच्या प्रधानांना प्रसंगी मोहिमेवरही जावे लागे, त्यामुळे दप्तरात बसणाऱ्यास रणांगणाचा आणि रणांगणावरच्यास दप्तराचा वास लागलेला असे. याचे मूर्तिमंत उदाहरण अण्णाजी दत्तो. जमिनीची पाहणी करून धारा बसवणारा, सनदा तपासणारा हा सुरनीस. पण १६७३च्या मार्चमध्ये पन्हाळा घेण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवण्यात आली. आखणी अण्णाजीची, आणि रात्रीच्या अंधारात कडा चढून जाणारा कोंडाजी फर्जंद. कोंडाजीने बरोबर घेतली ती अवघी साठ माणसे. एवढ्या मोठ्या विस्ताराचा गड साठ जणांनी एका रात्रीत काबीज केला, ही कथा जयराम पिंड्ये याने संस्कृत काव्यात वर्णिली आहे. कोंडाजीच्या छातीवाचून तो गड आला नसता, हे उघडच आहे. परंतु साठच माणसे न्यावीत, कोठून चढावे, मागे कुमक कोठे दबा धरून राहावी, हे धीराने ठरवणारे डोके नसते, तर तीच छाती कड्याखाली विदीर्ण झाली असती. आरमारातही दर्यासारंग आणि मायनाक भंडारी अशी जोडी दिसते. समुद्र हे मावळ्याचे क्षेत्र नव्हे, हे कबूल करून ज्यांच्या पिढ्या खाऱ्या पाण्यावर गेल्या त्यांना पाचारण करण्यात महाराजांना कमीपणा वाटला नाही. स्वतःजवळ काय नाही हे ज्याला दिसत नाही, त्याला दुसऱ्यात काय आहे हेही दिसत नाही.

येथपर्यंतचे चित्र उजळ आहे; आता त्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले, आणि महिना उलटण्याच्या आत हीच जुळलेली माणसे परस्परांविरुद्ध उभी ठाकली. अण्णाजी दत्तो व मोरोपंत पिंगळे यांनी राजाराम महाराजांना पुढे करून पन्हाळ्यावर असलेल्या संभाजी महाराजांना कैद करण्याचा बेत केला, आणि सरसेनापती हंबीरराव मोहिते यांनी त्या दोघांनाच ताब्यात घेऊन संभाजी महाराजांपुढे उभे केले. माणसे तीच, गुण तेच, हुद्दे तेच. सचिवाची अक्कल कमी झाली नव्हती, की सेनापतीचा हात लुळा पडला नव्हता. नाहीशी झाली होती ती या गुणांना एका सुतात ओवणारी व्यक्ती. ज्या गुणभेदामुळे एकाचे न्यून दुसऱ्याने भरून निघत होते, त्याच गुणभेदाने आता एकमेकांचा संशय पोसला. दप्तराला तलवार उर्मट वाटली आणि तलवारीला दप्तर कपटी वाटले. पूरक गुणांची माणसे जवळ आणली म्हणजे काम आपोआप होते, असे मानणाऱ्याने १६८०चा उन्हाळा आठवावा. जितके गुण भिन्न तितके धन्याचे काम अवघड.

पुढे पेशवाईत या योजनेला दुसराच रोग जडला. मामलतदारावर अंकुश राहावा म्हणून दिवाण, मजमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस असे आठ दरकदार ठेवण्याची वहिवाट होती, आणि त्यांना बडतर्फ करण्याचा अधिकार मामलतदाराला नव्हता. कल्पना जुनीच आणि चांगली. पण दरक वंशपरंपरेने चालू लागले. बापाला हिशेब येत होता म्हणून मुलाला दरक मिळाला, मुलाला हिशेब आला नाही तरी दरक राहिला, आणि त्याच्या वतीने काम पाहण्यास मुतालिक आला. शिवाजी महाराजांनी चाकरीचा मोबदला शक्य तेथे रोख ठेवला होता आणि ती वतन होऊ दिली नव्हती, यामागचा हेतू आता कळतो. माणूस त्याच्या गुणासाठी जागेवर बसवला जातो, तेव्हा शेजारच्याची उणीव तो भरून काढतो. तो जागेचा धनी म्हणून बसला, की त्याची स्वतःचीच उणीव भरून काढायला दुसरा माणूस ठेवावा लागतो. हुद्द्याचे आडनाव होण्याची क्रिया ही अशी घडली.

रामचंद्रपंत अमात्यांनी हा धोका आधीच ओळखला होता. महाराजांच्या हाताखाली तयार झालेल्या या वृद्ध मुत्सद्द्याच्या नावे प्रसिद्ध असलेल्या १७१५च्या आज्ञापत्रात गडांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात पाण्याविषयी एक सूचना आहे. गडावर झरा आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये, टाकी, तळी बांधून पाण्याची दुसरी तरतूद करावी. कारण झुंजाच्या वेळी तोफांच्या धडाक्याने झरे आटतात. पाण्याच्या बाबतीत जो एका झऱ्यावर विसंबला नाही, तो माणसांच्या बाबतीत एका माणसावर कसा विसंबेल? त्याच प्रकरणात गडावरील अधिकाऱ्यांच्या बदल्यांचा नियमही घालून दिला आहे: हवालदार तीन वर्षांनी बदलावा, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस व कारखानीस पाच वर्षांनी.

हे तीन आकडे निरनिराळे का ठेवले, याचे कारण आज्ञापत्र देत नाही. पण कागद घेऊन कोणीही हिशेब मांडून पाहावा. एकाच दिवशी नेमलेले हे चौघे अधिकारी नियमाप्रमाणे बदलत गेले, तर चौघांच्याही जागा एकाच वेळी रिकाम्या होण्याचा प्रसंग साठ वर्षांतून एकदाच येतो. एरवी प्रत्येक नव्या हवालदाराला, गडाची वाट नि वहिवाट ठाऊक असलेला कोणी ना कोणी जुना सोबती तेथे हजर असतोच.